मागच्या खोलीत

"चंदन, मांगच्या खोलीत जाऊन बस. अन् बोलावल्याबिगर बाहीर येऊ नको," जयवंताबाईनं लेकाला तिसऱ्यांदा सांगितलं.

"माह्या बहिणीले पाहाले येऊन राहिले ना? मग मी काहून लपू?" चंदन सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता.

जयवंताबाईचं डोकंच फिरलं. चार वर्षं झाली, घरात हेच चाललं होतं. आधी पोराच्या कानात माणसं बोलायची, तर भगतांचे उंबरे झिजवले. मग अमरावतीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. दोन वर्षांपासून गोळ्या सुरू होत्या. आवाज थांबले, पोरगा पुन्हा संत्र्याच्या बागेत राबू लागला. पण लोकांची तोंडं कोण थांबवणार? वर्षालीची दोन स्थळं यापायीच मोडली. आजचं अकोल्याचं तिसरं होतं.

"आई, डॉक्टरांनी घरच्यांच्या बैठकीत काय सांगितलं? लपवू नका म्हणले ना?" वर्षाली म्हणाली.

"डॉक्टरले काय जाते सांगाले! त्याच्या पोरीचं लगन अडलं हाय का? गप राय माय तू!"

चंदन मुकाट्यानं आत गेला. जयवंताबाईनं बाहेरून कडी लावली, अन् मग स्वतःवरच चिडली.

पाहुणे आले ते मायलेक, पार्वताबाई आणि नितेश. गाडी नितेशनंच चालवत आणली होती. दारात जागा असूनही त्यानं ती कोपऱ्यावरच्या लिंबाखाली लावली. पार्वताबाईचं पोह्यांत लक्ष नव्हतं, सारखी दाराकडं पाहत होती. बाईला घर पसंत पडलं नाही वाटतं! आता हिला काय सोन्याच्या भिंती पाहिजेत? जयवंताबाई मनातल्या मनात धुसफुसली.

"घरात अजून कोण असते?" पार्वताबाईनं विचारलं.

"पोरगा हाय. पुण्याले असते, कंपनीत," वर्षालीचे वडील भगवंतराव पटकन म्हणाले. "अन् तुमच्याकडं?"

"आमचं काय, नितेशचे बाबा गेल्यापासून आमी दोघंच."

वर्षालीनं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"बाबा खोटं बोलून राहिले. माहा भाऊ मांगच्या खोलीत हाय, कडी लावून ठेवला. त्याले स्किझोफ्रेनिया हाय. गोळ्या घेते, बागेचं सारं काम पाहते. आता त्याच्या गोळीची वेळ झाली, मी देऊन येतो. तुमाले जायाचं असन तर जा."

भगवंतरावांनी कपाळाला हात लावला. जयवंताबाईला वाटलं, या पोरीचं थोबाड रंगवावं. गेलं, हेही स्थळ मातीत गेलं!

पार्वताबाई उठली आणि थेट दाराशी गेली. नितेशही उठला.

"अवं, बसा ना बाई! पोरगी नादान हाय, तिच्या बोलण्यावर काय जाता?" जयवंताबाई मागं धावली.

पार्वताबाई वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"नितेश, जा बाबू, तुह्या दादाले गाडीतून घेऊन ये. त्याच्या बी गोळीची वेळ झाली."