तिसऱ्या खेपेचा बोर्ड

"करा सुरू," परीक्षक म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या.

लिफ्टकाकांची मान जरा उशिरा गेली. ते चष्मा पुसत होते. हात कापत असले की चष्मा पुसत बसावं, कोणाच्या लक्षात येत नाही. या वर्गात त्यांना नीट जमलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

काका एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. मग लिफ्ट आपली आपण चालायला शिकली आणि काका घरी बसले. वर्गातली पोरं म्हणायची, "काका, जन्मभर वर-खाली केलंत आणि शेवटी तळमजल्यावरच राहिलात." काकाही त्यांच्याबरोबर हसायचे. घरी गेल्यावर मात्र हसू येत नसे. बायको दवाखान्यातल्या चादरी उभ्याने इस्त्री करून करून गुडघ्यांतून पार गेली होती. हल्ली जिना बसत बसत उतरायची. त्याच दवाखान्याच्या यंत्रदुरुस्ती खात्यात काकांना घेणार होते, पण इलेक्ट्रॉनिक्सचं प्रमाणपत्र असेल तर. ते हातात पडलं की त्या दिवसापासून तिने इस्त्रीला हात लावायचा नाही, असं काकांनी तिला सांगून ठेवलं होतं. लेखी परीक्षा पार पडली होती. प्रात्यक्षिकात ते दोनदा आपटले होते. तिसरी खेप शेवटची, पुन्हा बसू देत नसत.

प्रात्यक्षिकाची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी मास्तर एकेका बोर्डात आपल्या हाताने एकेक बिघाड घालून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन तो शोधायचा आणि दुरुस्त करायचा. तोवर बोर्डाला वीज नाही. शेवटी परीक्षकांसमोर एकदाच बटण दाबायचं. दिवा लागला तर पास, नाही लागला तर घरी. मागे एका शहाण्याने "या बोर्डात दोषच नाही" म्हणून हात वर केले होते. मास्तरांनी भर वर्गात त्याची बिनपाण्याने केली. "माझ्या हाताखालून गेलेला बोर्ड धड असायचा नाही, बाळा," ते म्हणाले होते. तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसले होते ते काका.

त्यांनी मीटरची टोकं बोर्डावर टेकवली. डायोड बरोबर होते. रेझिस्टर बरोबर होते. तांब्याच्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होत्या. कपॅसिटरवर आकडा हळूहळू चढत गेला, चढायला हवा तसाच. काकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने बोर्ड परीक्षकांसमोर नेला आणि तिचा दिवा लागला. मग मागच्या कोपऱ्यातल्या एकाचा लागला.

मास्तर टेबलांमधून फिरत त्यांच्यापाशी थांबले. "काय म्हणतंय मीटर?"

"म्हणतंय, सगळं ठीक आहे."

"मग?"

"मग काय, मास्तर. माझंच कुठेतरी चुकतंय."

"मीटरवर विश्वास ठेवा, काका."

"मास्तर," परीक्षक आपल्या जागेवरून म्हणाले, "परीक्षा चालू आहे."

मास्तर पुढे गेले. विश्वास ठेवा म्हणे. काकांचा मीटरवर विश्वास होता, स्वतःच्या हातांवर नव्हता. ज्या हातांनी दोनदा तोंडावर पाडलं ते आज खरं बोलतील कशावरून? त्यांनी तिसऱ्यांदा सगळं तपासलं. उत्तर तेच आलं आणि त्यांना रडू फुटायचंच बाकी राहिलं.

मग त्यांना सुचलं. रेग्युलेटर. तीन पायांचा तो काळा तुकडा, ज्याची खरी तपासणी वीज असल्याशिवाय होत नाही. बाकी सगळे साव ठरले, म्हणजे चोर हाच. इतका सरळ विचार काकांनी आयुष्यात केला नव्हता. त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. त्यांनी सोल्डरिंग आयर्न चालू केलं.

खोलीच्या त्या टोकाला मास्तरांच्या हातातली फाइल खाली पडली. "काका, घाई करू नका," ते म्हणाले.

"मास्तर, आता एक शब्दही बोललात तर बाहेर बसावं लागेल तुम्हाला," परीक्षक म्हणाले. मास्तर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

जुना रेग्युलेटर सहज निघेना. काकांनी उष्णता जरा जास्त दिली, जरा ओढला. निघाला. नवा बसवला. मग बोर्ड दोन्ही हातांनी धरून परीक्षकांसमोर नेला आणि बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

परीक्षकांनी बोर्ड उलटा केला, भिंग लावलं. "तांब्याची पट्टी उखडली आहे. फार तापवलंत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच काकांना जास्त लागलं. "या तुम्ही."

बाहेरच्या बाकावर काका बसून राहिले. उठावं असं वाटत होतं, पण उठून घरी जायचं आणि तिच्याकडे बघायचं कसं, ते कळत नव्हतं. आपण जन्माला आलो ते कशासाठी, असलंही काहीबाही मनात येत होतं.

खोली रिकामी झाल्यावर मास्तर बाहेर आले. काकांशेजारी बसले.

"एवढं तरी सांगा, मास्तर," काका म्हणाले. "चोर रेग्युलेटरच होता ना? शोधला तरी बरोबर होता ना मी?"

मास्तरांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

"तुमच्या घरचं मला सगळं ठाऊक होतं, काका," ते हातांआडून म्हणाले. "तुमचा बोर्ड मी बिघडवलाच नव्हता."