शेडमागचा ढीग

जमीनमालकाचा वकील संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या शेतातले वाफे तुडवत आला आणि वेलीवरचा टोमॅटो तोडून खात म्हणाला, "भाडेकरार वाढणार नाही. जमीन आता सोन्यासारखी झालीये, गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"आम्ही केली तशी," संस्थेच्या ताई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं होतं? महिनाअखेर चालते व्हा. आणि अट आहे, जमीन जशी घेतली तशीच परत करायची. कमी-जास्त दिसलं तर कोर्टात खेचीन."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जशी घेतली तशीच?"

"तश्शीच!"

ताई राबणाऱ्या मंडळींकडे वळल्या. "ऐकलंत ना? आपण इथून वेचलेल्या फुटक्या काचा आणि राडारोडा शेडमागे पडलाय, तो होता तिथं पसरून टाका. एक खडासुद्धा ठेवून घेऊ नका. दुसऱ्याच्या मालावर आपला डोळा नाही."