थँक्स, ड्रायव्हर

शहरात उंच खांबांवरून धावणारी विनाड्रायव्हर गाडी आली, ड्रायव्हर मर्व्हची बस बंद झाली आणि त्याची टोपी खुंटीला लागली. पण नव्या गाडीत कुणी चढेना. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची माणसं ती! उतरताना ड्रायव्हरला 'थँक्स' म्हटल्याशिवाय त्यांचा पाय खाली पडत नाही, आणि इथे थँक्स घ्यायला पुढे कुणीच नाही.

शेवटी नव्या गाडीची इंजिनियर कर्स्टन मर्व्हच्या दारात आली. "मर्व्ह, टोपी घालून पुढे बसाल का?"

"आणि चालवू काय?"

"काहीच नाही. उतरणाऱ्यांना 'सांभाळून जा' म्हणायचं."

"म्हणजे बुजगावणं करताय माझं!" मर्व्ह फणकारला. पण सकाळी टोपी झटकून सगळ्यांच्या आधी हजर झाला. गाडी भरून वाहू लागली.

हिवाळ्यात मर्व्ह तापाने अंथरुणाला खिळला. दुपारीच कर्स्टनचा फोन आला. "उद्या तरी याल ना?"

"अगं पोरी, तुझी गाडी आपली आपण चालते ना?"

"चालते हो. पण आज स्टेशनवर पाटी लावावी लागली."

"कसली?"

"ड्रायव्हर आजारी असल्यामुळे विनाड्रायव्हर गाडी आज बंद."