अंतऱ्याचा शेवटचा सूर

बासरीचा शेवटचा सूर पुन्हा उतरला. किंचितच, पण उतरला. व्हायोलिनवाल्याने गज खाली घेतला आणि स्टुडिओतली सगळी डोकी त्याच्याकडे वळली. आता हा बोलणार!

तो बोलला नाही. पायाशी पडलेल्या वायरींकडे बघत राहिला.

पाठीमागे सगळे त्याला 'काटा' म्हणत. कान तराजूच्या काट्यासारखा, आणि जीभ पायात मोडणाऱ्या काट्यासारखी. कुणाचा सूर हलला की हा भर रेकॉर्डिंगमध्ये हात वर करायचा. चूक खरीच असायची, म्हणून तर लोक जास्त चिडायचे. हळूहळू बोलावणी आटली. फोन वाजायचा तो फक्त बहिणीचा. "तू बरोबर असतोस रे," ताई म्हणायची, "पण दर वेळी चारचौघांसमोर कशाला बरोबर असायला हवं?" कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून एकटाच वाजवत होता. भिंत बेसूर होत नाही, पण चहालाही विचारत नाही.

म्हणून आज बोलावणं आल्यावर त्याने ठरवूनच टाकलं होतं. तोंडाला कुलूप.

"झकास! चहा घ्या सगळे," काचेपलीकडून संगीत संयोजक ओरडला.

आणि नवल घडलं. तबलजी सरकला, बाकावर त्याला जागा झाली. कीबोर्डवाल्याने त्याच्या हातात कप दिला. संयोजक स्वतः येऊन शेजारी टेकला.

"बरं केलंत, गप्प राहिलात," तो कुजबुजला. "दादांचा सूर हल्ली उतरतोच. वय झालं. आम्ही मागाहून मशीनवर सरळ करून घेतो. उगाच कशाला दुखवायचं? पुढच्या आठवड्यात मोकळे आहात ना?"

"मोकळाच आहे की. माझ्यापेक्षा मोकळा माणूस तुम्हाला सापडायचा नाही."

सगळे हसले. त्याच्या बोलण्यावर कुणी शेवटचं कधी हसलं होतं, ते त्याला आठवेना. कप गरम होता. दोन्ही बाजूंना माणसं होती.

तेवढ्यात बासरीवाले दादा आले. खांद्याला पिशवी, निघायच्या तयारीत. त्यांनी त्याला खुणेनेच दारापाशी बोलावलं.

"तुझं नाव मीच सुचवलं होतं," ते म्हणाले. "हे नकोच म्हणत होते. मी हटून बसलो. कान दगा देतोय रे माझा. सूर लागला की नाही, माझं मलाच कळेनासं झालंय. यांना विचारावं, तर सगळ्यांचं आपलं 'वा दादा, वा दादा'. म्हटलं, एकच माणूस आहे जो तोंडावर सांगेल." त्यांनी त्याचा हात घट्ट दाबला. "आज तू एकदाही थांबवलं नाहीस. जीव भांड्यात पडला बघ. एका मैफलीचं बोलावणं आलंय, आता हो म्हणून टाकतो. भरलं सभागृह, आणि मी एकटा."

दार ढकलून ते बाहेर पडले.

"अहो, या ना! चहा निवतोय तुमचा," बाकावरून तबलजीने हाक मारली. मधली जागा त्यांनी अजून धरून ठेवली होती.

त्याने त्या जागेकडे एकवार पाहिलं. मग तो बाहेर गेला आणि आपल्यामागे दार नीट लावून घेतलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "बासरी परत काढा."