हंगामाआधीची वाटणी

"घे, ही आता तुझी," म्हणत बाबांनी रायफल इंगाच्या हातात ठेवली. घोड्याखालची लिव्हर, म्हणजे काडतूस आत सरकवायची दांडी, खाली उघडी होती. त्या घरात बंद लिव्हरची रायफल कुणी कुणाला देत नसे. आत काडतूस नाही हे घेणाऱ्याला दिसलं पाहिजे.

तिने आत पाहून घेतलं, मग टेबलावरच्या दुसऱ्या दोन रायफलींकडे पाहिलं.

"आणि या दोन?"

"त्याही तुझ्याच. मी गेल्यावर शोधाशोध नको."

"शनिवारी हरणांचा हंगाम उघडतोय, बाबा. दगड घेऊन जाणार शिकारीला?"

"गुडघे म्हणतात, या वर्षी घरी बस."

मोंटानाच्या त्या खोऱ्यात हंगामाच्या तोंडावर कुणी रायफल देत नाही. पणजोबांची रायफल आजोबांना मिळाली ती पणजोबांनी अंथरूण धरल्यावर. बाबांना मिळाली ती आजोबांना पुरून आल्यावर. धडधाकट माणूस आपली रायफल देऊन टाकतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. तो कुणी मोठ्याने बोलत नाही.

कंबर धरली म्हणून बाबांनी बोलावलं आणि इंगा आली होती. निघायला अडचण नव्हतीच. मार्चमध्ये बर्फाळ रस्त्यावर तिच्या नवऱ्याची, ड्वाइटची गाडी घसरली, तो गेला. त्यानंतर तिने शाळेची नोकरी सोडली, घोडी विकली, मांजर शेजारणीला देऊन टाकलं. मागे कुणाला निस्तरायला लागू नये, एवढंच. आवरून झाल्यावर बरं वाटलं होतं तिला, हलकं.

बाबांचं मात्र काही खरं नव्हतं. ती आल्याच्या आठवड्यातच त्यांनी स्वतःचं खोगीर खालच्या कुरणातल्या गड्याला देऊन टाकलं. मग एकदा घेवड्याचा रस्सा वाढता वाढता म्हणाले, "दफनभूमीत तुझ्या आईशेजारी जागा आहे ना अजून?" जणू मीठ मागावं तसं. झोपायच्या खोल्यांची दारं बंद करू देत नसत. म्हणे शेगडीची ऊब अडते. पहाटे तिला जाग यावी तर स्वयंपाकघरात दिवा असायचाच, आणि दिव्याखाली बाबा, गार झालेल्या कॉफीसमोर.

दोघं टेबलाशी बसून रायफली पुसू लागली. या जुन्या रायफलींची मागची बाजू बंद असते, म्हणून नळी पुसायचा गज तोंडाकडूनच घालावा लागतो.

"बोटांचा आधार दे गजाला," बाबा म्हणाले. "तोंड झिजलं की गोळी आपल्या मनाने जाते."

"माहितीये. लहानपणीच शिकवलंत."

"तेव्हा ऐकत होतीस. जेवलीस का?"

"भूक नाही."

"मग मीही नाही जेवत."

तिने मुकाट्याने ताट ओढलं. ती चार घास खाईपर्यंत ते बघत राहिले, मग त्यांनी आपला चमचा उचलला. म्हाताऱ्याला जेवू घालायचं तर आधी आपण जेवायचं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

बाबा सरपण आणायला गेले तसं तिने मागच्या पडवीतलं कपाट उघडलं. काडतुसांचे डबे जिथल्या तिथे होते. पहिला उचलला तर रिकामा, दुसराही रिकामा. त्या घरात एक वेळ पीठ संपायचं, काडतुसं नाही. तिने त्यांच्या कोटाचे खिसे चाचपले, गादीखाली हात घातला, गोठ्यातली पेटी उपसली. कुठेच नव्हती. म्हणजे ती बाबांनी कुठेतरी लपवून ठेवली होती.

"काडतुसं कुठे आहेत, बाबा?"

"तुला कशाला हवीत?"

"सहज विचारलं."

"मग सहज राहू दे."

त्यांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की तिनेच मान खाली घातली.

त्या खोऱ्यात अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या घरावर असे दिवस येतात त्या घरातल्या बंदुका शेजारी जातात, आणि शेजारी काही विचारत नाही.

"लाकडी दस्त्यांना जवसाचं तेल लावायचंय," ती म्हणाली. "बर्थाच्या शेडमध्ये ऊब असते, लवकर वाळेल. तिन्ही नेते."

तिला वाटलं होतं, अडवतील. बाबा नुसते म्हणाले, "गाडीची किल्ली फळीवर आहे. रात्रीच्या जेवणाआधी ये. तुझ्याशिवाय मी जेवत नाही, माहितीये ना."

त्या बोलण्याने तिचा जीव अर्धा झाला. तिने गाडी हाणली.

बर्था पिठाच्या हातांनीच दारात आली. बाबांची शेजारीण, आईची मैत्रीण, हाडापेराने दणकट, तोंडाने त्याहून.

"एवढ्या रायफली? युद्धबिद्ध सुरू झालं की काय?"

"ठेवून घे, बर्था. काही दिवस. विचारू नकोस."

"मी कुठे विचारतेय."

पण इंगालाच राहवलं नाही. "बाबांचं लक्षण ठीक दिसत नाही गं. सगळं देऊन टाकतायत." आणि तिला रडू फुटलं. ड्वाइटला पुरतानाही आलं नव्हतं ते रडू. "मी त्यांना एकटं सोडून कुठे जाऊ शकत नाही आता. मनात काहीही असलं तरी नाही."

बर्थाने तिला धरून ठेवलं. पिठाचे पंजे तिच्या पाठीवर उमटले.

"मग नको जाऊस," ती म्हणाली. "बैस हाल्व्हरजवळ. वर्ष लागू दे नाहीतर दहा. आता पळ, जेवायला खोळंबला असेल."

इंगाची गाडी फाटकाबाहेर पडून टेकडीआड झाली. बर्थाने रायफली कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं आणि हात पुसून फोन उचलला.

"आणल्या तिने, हाल्व्हर, तिन्ही. आज रात्री तरी डोळ्याला डोळा लागू दे तुझा... नाही रे, संशय नाही आला. पोरीला अजून वाटतंय की जपायचंय ते तुला."