गोलकीपरची मांडी

चेंडूवर झेप घेताना गोलकीपर ताईच्या मांडीचा स्नायू फाटला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. अंतिम सामना जेमतेम महिन्यावर आला होता.

डॉक्टरांनी तिचंच रक्त काढून यंत्रात फिरवलं. "यातले ग्रोथ फॅक्टर नावाचे घटक फाटलेल्या स्नायूला भरून यायला मदत करतात," ते म्हणाले.

धाकट्या बहिणीने लगेच बाही वर सारली. "हिचं कमी पडलं तर माझं घ्या."

"इथे उसनं चालत नाही," डॉक्टर हसले.

रक्तातला तो भाग मांडीत सोडायला सुई टोचताना ताईने धाकटीचा हात असा आवळला, की धाकटीच कळवळली. पुढे रोज सकाळी तीच ताईला व्यायामाला उठवायची. ताई कुरकुरली, तर "मांडी तुझी की माझी?" म्हणून दटावायची.

अखेर डॉक्टरांनी मांडी तपासली. "मस्त भरून आलंय. रविवारी खुशाल खेळा."

धाकटीने आनंदाने टुणकन उडी मारली आणि ताईला धरून तिथेच नाचू लागली.

"अहो, तुम्हालाच खेळायचं असल्यासारख्या काय नाचताय!"

"डॉक्टर," ताई म्हणाली, "मी बरी झाले नसते, तर माझ्या जागी हीच खेळणार होती."