वॉर्निशच्या आधी

लोइसने पेटी टेबलावर ठेवली आणि भोवतीचं फडकं सोडलं. मेपलच्या लाकडाची, वीतभर लांबीची पेटी. कडांना रंगवलेले शिंपले, बाजूंना द्राक्षाची वेल, झाकणावर नदीकाठी वाकलेलं विलोचं झाड आणि त्याखाली पांढरं थडगं. न्यू बेडफर्डच्या मुलींच्या शाळेत त्या वर्षी सगळ्याच मुलींनी हे चित्र काढलं होतं. थडग्यावरची नावाची जागा बाई कोरी ठेवायला लावत. ती प्रत्येक घराला कधी ना कधी लागतेच, असं त्यांचं म्हणणं.

या घराला ती आता लागली आहे, असं प्रूडन्स आत्याचं मत होतं. लोइसचा भाऊ असाहेल देवमाशांच्या शिकारीवर गेला त्याला चार वर्षं झाली होती. दोन वर्षांत त्याच्या जहाजाची खबर नव्हती. येत्या रविवारी मृतांच्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायला पाद्री तयार होते. फक्त आईचा होकार हवा होता.

"वहिनी, मोज्यांचे चौदा जोड झाले," आत्या म्हणाली. "आला तरी पाय दोनच असणार त्याला."

केझाया, लोइसची आई, तेव्हाही मोजाच विणत होती. तिने विणकाम खाली ठेवलं, चष्मा लावला. थडग्यावर पेन्सिलीने पुसट अक्षरं आखलेली होती. असाहेल.

लोइसने नजर खाली घातली. "उद्या वॉर्निश द्यायचंय, आई. एकदा ते चढलं की वर रंग धरत नाही. लिहायचं तर आजच."

"ब्रश दे."

आत्याने खुर्ची पुढे ओढली. लोइसने बशीत काळा रंग कालवून दिला. नाव काळ्यातच लिहायची रीत होती. केझायाने ती बशी बाजूला सारली आणि तपकिरी रंग मागितला. मग थडग्याच्या मधोमध, अक्षरांवरूनच, तिने एक दार काढलं. दोन्हीकडे खिडक्या. वर छप्पर, छपरावर धुराडं. हाताला सवय नव्हती. दार जरा कललं.

"थडग्याला धुराडं," आत्या म्हणाली. "लोक हसतील, वहिनी."

"हसू देत, वन्सं. थंडीत गारठून येईल तो. चूल पेटलेली दिसायला हवी."

तिने ब्रश धुऊन ठेवला आणि पंधराव्या जोडाचे टाके उचलले.

दुसऱ्या दिवशी लोइस पेटी घेऊन खिडकीशी बसली. वॉर्निश फिरत गेलं तसं झाड चकाकलं, नदी चकाकली, शिंपले नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे दिसू लागले. ब्रश छपरावरून खाली उतरला आणि दारापाशी थांबला. आई पाठमोरी विणत होती. लोइसने दाराच्या कडेकडेने ब्रश फिरवला आणि नखाएवढी ती जागा कोरडीच राहू दिली.